कूतच्या बाजारातलं इस्पितळ

२९ एप्रिल

पहिल्या महायुद्धात तुर्कांनी इराकमधल्या कूत-अल-अमारा गावाला घातलेला वेढा १९१६ साली याच तारखेला शरणागतीने संपला. १४७ दिवस चालला होता. आत अडकलेली फौज म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्याची सहावी, अर्थात पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. तिचा सेनापती टाउनशेंड याचं काय चुकलं यावर लोकांनी रग्गड लिहून ठेवलंय. मला त्या छप्पर घातलेल्या बाजाराबद्दल लिहायचं आहे, जिथल्या दुकानांच्या गाळ्यांत जखमी निजवले होते. मार्चमध्ये विमानातून पडलेला बॉम्ब तिथल्या इस्पितळावरही आला.

पण तिथे जखम चिघळण्याचं एक कारण कुणी बाहेरून टाकलेलं नव्हतं. ते शिध्यात होतं.

गोळी आरपार गेली, हाड वाचलं, जखम धुऊन पट्टी झाली, तर धडधाकट माणसाची जखम काही आठवड्यांत भरायला हवी. स्कर्व्हीच्या, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाच्या, रोग्याची भरत नाही. नवं मांस तयार करणारा कोलॅजनचा धागा घट्ट वळायला क जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर जखमेतलं मांस मऊ, जांभळट राहतं आणि पट्टी सोडवताना भळभळतं. टाके असेपर्यंत सगळं ठीक दिसतं. काढले, रोगी कुशीवर वळला, की कडा उसवतात. मोडलेलं हाडही सांधत नाही. जुने व्रणसुद्धा उघडतात, कारण व्रणातलं कोलॅजन शरीर सतत झिजवून नव्याने भरत असतं. म्हणून अशा वॉर्डात जखमेआधी तोंड बघावं. हिरड्या सुजून दातांवर आल्यात का, पायांवर केसांच्या मुळाशी लाल ठिपके आहेत का, पोटरी दगडासारखी कडक झाली आहे का? शरीरातला साठा दीड ग्रॅमच्या आसपास असतो. ताजं काही मिळालं नाही तर एक ते तीन महिन्यांत तो संपत येतो. वेढा जवळजवळ पाच महिने चालला.

कूतमध्ये रोगांची वाटणीही नीट झाली होती. मैद्याचा पाव खाणाऱ्या गोऱ्या शिपायांना बेरीबेरी झाला, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग. आपल्या हिंदी शिपायांना झाला नाही, कारण आट्यात कोंडा होता आणि ते जीवनसत्त्व कोंड्यात असतं. मैदा आटला आणि गोऱ्यांच्या पावात जव व आटा आला, तसा बेरीबेरी ओसरला. स्कर्व्हीचं उलट. गोरे घोड्याचं ताजं मांस खात होते. त्यात क जीवनसत्त्व नावापुरतंच, पण दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आसपास पोचलं तरी स्कर्व्ही लांब राहतो. आपल्या लोकांनी ते मांस नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली, तरी एप्रिलपर्यंत फारसे कुणी तयार झाले नाहीत. गावाला कळलं तर जातीबाहेर टाकतील, घरच्या मुलीबाळींची लग्नं अडतील, ही भीती. तिला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. गाव काय करेल हे शिपायाला धर्मगुरूंपेक्षा जास्त माहीत होतं. शेवटच्या दिवसांत आट्याचा शिधा ४ औंसांवर आला, म्हणजे जेमतेम ११३ ग्रॅम.

रानातला पाला खुडून भाजी व्हायची. उपाय बरोबर होता, पण पाला ओळखणारा हवा. चुकीचं तण पोटात गेलं की विषबाधा.

खरी चुटपुट जवाची लागते. जानेवारीत शोधाशोध केली तेव्हा गावात जवाचे मोठे साठे सापडले. दळायची सोय अपुरी, म्हणून जात्याचे दगड विमानातून टाकावे लागले! सालासकट असलेलं तेच जव भिजत घातलं असतं तर त्यातच औषध तयार झालं असतं. कोरड्या धान्यात क जीवनसत्त्व जवळपास नसतंच, मोड येताना ते बनतं. नॉर्वेच्या फ्युर्स्टने १९१२ मध्येच गिनीपिगवर हे दाखवलं होतं. कूतपर्यंत ते पोचलं नाही. १९१८ मध्ये विल्टशर या डॉक्टरने सर्बियन सैनिकांवर ताडून पाहिलं. काहींना लिंबाचा रस, काहींना मोड आलेला घेवडा. घेवडेवाले मागे पडले नाहीत.

कृती आपल्याकडे कुणालाही सांगावी लागू नये. दाणे अख्खे हवेत, फुटकी डाळ मोड धरत नाही. रात्रभर ते एक दिवस भिजत, पाणी काढून ओल्या फडक्यात आणखी एक-दोन दिवस. वारा लागायला हवा, नाहीतर आंबूस वास येतो. पाणी साचलं तर दाणे कुजतात, कोरडे पडले तर मोड जिरतो. शिजवायचं ते दहा मिनिटांच्या आत. तास-तासभर रटरटवलं तर कमावलेलं सगळं जातं. हिरड्या सुजलेल्याला दाणा चावत नाही, त्याला ठेचून द्यावं. विल्टशरने माणशी रोज ४ औंस घेवडा दिला होता, तोही कोरड्याचं वजन धरून.

शरणागतीनंतर हजारावर आजारी आणि जखमी कैद्यांच्या अदलाबदलीत सुटले. बाकीचे कैदेत गेले. ताजं अन्न मिळू लागलं की स्कर्व्हीचा रक्तस्राव एक-दोन दिवसांत थांबू लागतो आणि हिरड्या लवकर निवळतात. जखमेला मात्र पुढे कित्येक आठवडे लागतात, आणि तोवर टाके काढायची घाई करायची नसते.