झाडावरचे निवडुंग: श्रावणातली नोंद

ब्रह्मकमळाचा, म्हणजे आपल्या घरोघरच्या एपिफायलम ऑक्सिपेटॅलमचा, यंदाचा पहिला बहर आटोपला. दुसऱ्या बहराच्या कळ्या मोहरीएवढ्या दिसायला लागल्यात.

सगळी फुलं आली ती जुन्या, रापलेल्या पात्यांवर. पावसात सुटलेले लांबलचक धुमारे नुसतेच हिरवेगार, त्यांच्यावर एक कळी नाही. तेव्हा झाड अस्ताव्यस्त दिसतं म्हणून जुनी पाती छाटणाऱ्यांनो, हात आवरा. पातं हे मुळात चपटं खोडच असतं आणि कळी त्याच्या कडेच्या खाचेतून निघते.

खतापेक्षा उजेडाचा फरक मोठा, हे माझं मत आणखी पक्कं झालंय. माझी बाल्कनी पूर्वेची. सकाळचं कोवळं ऊन थेट, नंतर शेडनेट. गर्द सावलीत पाती भरपूर, फुलं नाहीत. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांत ही झाडं फांद्यांच्या बेचक्यात साठलेल्या पाचोळ्यात मुळं रोवतात, म्हणून कुंडीत नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा, पानांचं खत आणि मूठभर गांडूळखत. नुसती लाल माती पुण्याच्या पावसात घट्ट बसते आणि मुळं कुजतात. कुंडीही लहानच ठेवलीय. मुळं जरा आवळलेली असली की झाड बरं फुलतं.

कळी दिसल्यापासून फुलायला साधारण तीन-चार आठवडे. देठ वर वळला आणि कळी फुगली की त्या रात्री जागायचं: नऊच्या सुमारास उमलायला लागतं, मध्यरात्री पूर्ण, पहाटे मान टाकतं. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलू नका, गळतात. (आमच्या मजल्यावर त्या रात्री हळदीकुंकवासारखी ये-जा असते. चहा मीच करायचा.)

ख्रिसमस कॅक्टस म्हणून नर्सरीत मिळणारा श्लुमबर्जेरा ट्रन्काटा सध्या नुसता वाढतोय. तो आग्नेय ब्राझीलच्या डोंगरांतला. कळी धरायला त्याला लांब, अखंड काळोखाची रात्र आणि थंडावा लागतो. कोजागिरीनंतर तो मागच्या गॅलरीत जाईल, जिन्यातल्या ट्यूबलाइटचा उजेड पोचत नाही तिथे.

टांगलेल्या रिप्सालिस बॅसिफेराला मात्र काही करावं लागत नाही. बारीक पांढरट फुलं, मग मण्यांसारखी अर्धपारदर्शक फळं, तीही परागीकरणाच्या खटपटीशिवाय. अमेरिका खंडाबाहेर, आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही, नैसर्गिकरीत्या वाढणारा निवडुंग एवढाच. फक्त सांध्यांत पिठ्या ढेकूण लपतो. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसतोय.

लाल फुलाचा डिसोकॅक्टस अजून रुसलेलाच. यंदा डिसेंबर-जानेवारीत त्याचं पाणी बरंच तोडून बघणार आहे. असं करून कुणाकडे फुलला असेल तर किती दिवसांनी पाणी घातलंत, तेवढं सांगा.