तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर विन्यो व्हेर्द

मासळीच्या जेवणाला कुणी रेड वाइन काढली की मला राहवत नाही. वाइनच्या या गावात, आमच्या नाशकातही, पाहुण्यांपुढे बऱ्याच घरी अजून लालच येते. तळलेल्या बांगड्यावर तिचा घोट घेतला की जिभेवर लोखंडाची चव रेंगाळते. अशा ताटाला मला पोर्तुगालची हलकी, पांढरी विन्यो व्हेर्द हवी.

ही वाइन वायव्य पोर्तुगालातली, मिन्यो नदीच्या बाजूची. तिच्या प्रदेशाची हद्द १९०८ साली आखली गेली. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षाच्या मांडवाखालीच लहानाची मोठी झाले, त्यामुळे तिकडच्या जुन्या बागांबद्दल वाचताना जीव गुंतला. तिथंही वेल उंच मांडवावर. शेताच्या कडेनं ग्रॅनाइटचे खांब, त्यांवर वेल, आणि मधल्या मोकळ्या तुकड्यात मका नाहीतर भाजीपाला. जमिनी लहान, त्यामुळे इंचही वाया घालवायचा नाही. शिवाय अटलांटिकवरून भरपूर पाऊस येतो. जमिनीलगतच्या ओलीत डावणी, म्हणजे द्राक्षावरची बुरशी, लगेच धरते, म्हणून घड वर, वाऱ्यात ठेवायचे. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी आला की आमचे दादा रात्र रात्र जागे असतात. मिन्योच्या शेतकऱ्याला ती धास्ती वेगळी सांगावी लागणार नाही. आता तिकडेही नव्या बागा तारेवर, सरळ ओळींत लावतात.

त्या थंड, ओल्या हवेमुळे द्राक्षातला आंबटपणा टिकून राहतो आणि साखर बेताची भरते. म्हणून नेहमीच्या विन्यो व्हेर्दमध्ये अल्कोहोल कमी, साधारण ९ ते ११.५ टक्के. वर जिभेला हलकेच टोचणारे बुडबुडे. पूर्वी ते बाटलीतच तयार होत, हल्ली बहुतेक ठिकाणी भरतानाच वायू सोडतात. मोन्सांव आणि मेल्गासू इथली, अल्वारिन्यो द्राक्षाची वाइन मात्र भारदस्त. डोंगरांमुळे समुद्राचा वारा अडतो, द्राक्ष जास्त पिकतं, वाइनला पीचसारखा वास येतो. नदीपलीकडे स्पेनमध्ये हेच द्राक्ष अल्बारिन्यो म्हणून नावाजलेलं आहे.

पोर्तुगालात भाजलेल्या तारल्यांबरोबर विन्यो व्हेर्द पितात, आणि तिसऱ्यांबरोबरही. त्यांच्या तिसऱ्या ऑलिव्ह तेल, लसूण, कोथिंबीर आणि लिंबू यांत शिजतात. यातलं ऑलिव्ह तेल सोडलं तर बाकी सगळं आपल्याच ओट्यावरचं! माझं सासर मालवणचं. सासूबाई तिसऱ्यांचं सुकं करतात त्यात कांदा, मालवणी मसाला, वरून खवलेला ओला नारळ. कढईवर झाकण ठेवलं की थोड्या वेळात शिंपल्या उघडतात आणि त्यांचं खारं पाणी मसाल्यात उतरतं. त्या खारटपणाला ही वाइन इतकी चपखल बसते की लिंबू पिळावंसं वाटत नाही. सासूबाईंनी चमचाभर चाखून पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘सोलां कमी घाल गो, ह्यां आधीच आंबट आसा.’’ सोलां म्हणजे आमसुलं. अगदी बरोबर. जेवण वाइनपेक्षा आंबट झालं तर वाइन पाणचट लागते.

तळणीबरोबर तर ती फारच खुलते. कोथिंबीर वडी, अळूवडी, रवा लावलेले बोंबील, काहीही घ्या. एका घोटात तोंडातला तेलकटपणा जातो आणि दुसरा घास पहिल्याइतकाच लागतो. नारळाच्या दुधातल्या कालवणाला मी अल्वारिन्यो काढते, तिथं हलकी बाटली दबून जाते. काळ्या रश्श्याच्या मिसळीसमोर मात्र दोन्ही नकोत. तिखटावर अल्कोहोल गेलं की आग वाढते. तिथं ताकच हवं.

परदेशी बाटली महाग पडते, सगळीकडे मिळतही नाही. तेव्हा आपल्या दिंडोरीकडची सोव्हिन्यो ब्लां घ्या, किंवा शेनिन ब्लां. पण शेनिन घेताना कोरडी आहे ना, हे विचारून घ्या, कारण गोडसरही मिळते. शक्यतो ताज्या वर्षाची बघा. फ्रिजमधून काढून ८-१० अंशांवर असतानाच ओता, आणि बोंबील कढईतून निघाल्याशिवाय बूच काढू नका.