किती लियांग?

"किती लियांग?" काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं.

बीजिंगमधल्या जुन्या वळणाच्या च्याओझच्या, म्हणजे सारण भरून पाण्यात उकळलेल्या करंज्यांच्या, दुकानात पहिला प्रश्न हाच. किती प्लेट नाही, किती नग नाही, वजन सांगायचं. एक लियांग म्हणजे ५० ग्रॅम. हे ५० ग्रॅमही च्याओझचे नव्हेत, त्यांच्या पारीला लागलेल्या पिठाचे. सारण हिशेबात धरत नाहीत. एका लियांगात पाच-सहा नग येतात, त्यामुळे तीन लियांग म्हटलं की एका माणसाचं पोट तुडुंब भरतं. हल्ली टेबलावरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन केला की सगळा मेनू समोर येतो आणि कुणाशी बोलावंच लागत नाही. मला ते नको असतं. जेवायला बसण्याआधी आपली भूक तोंडाने तोलून सांगावी लागते, यात काहीतरी सभ्य आहे असं माझं मत आहे. इतरांना पटलंच पाहिजे असं नाही.

हे वजनाचं खूळ दुकानदारांनी काढलेलं नाही. चीनच्या शहरांत १९५५ पासून धान्याची कूपनं होती. खिशात पैसे असले तरी पिठाच्या पदार्थाला कूपन लागायचं, खानावळीतसुद्धा. प्रांताप्रांताची कूपनं वेगळी; परप्रांतात जायचं तर देशभर चालणारी निराळी मिळवावी लागत. शांघायमध्ये अर्ध्या लियांगचंही कूपन होतं. २५ ग्रॅम! म्हणजे सारणात मांस किती आणि कोबी किती ही चौकशी नंतरची, पीठ किती खाल्लं ते आधी. १९९३ मध्ये कूपनं गेली, प्रश्न तेवढा राहिला. काउंटरवरच्या बाई माझ्याहून बऱ्याच लहान होत्या. त्यांनी कूपन हातातही धरलं नसणार. पण विचारताना आवाजात रेशनच्या रांगेतला कोरडेपणा अगदी अस्सल होता.

"तीन. अंडं आणि लसूणपातीचे."

लसूणपात म्हटली खरी, ती असते चपटी, हिरवीगार, वासाला उग्र. खाल्ल्यावर संध्याकाळपर्यंत कुणाशी जवळून बोलू नये. एकटीने जेवायचं असलं की मी हेच सारण मागवते.

ऑर्डर यायला वेळ लागतो. तोवर टेबलावरच्या वाडग्यातल्या लसणाच्या पाकळ्या सोलत बसायचं. इथे लसूण कच्चाच खातात. एक च्याओझ, एक चावा लसणाचा. थंडीच्या शेवटाला गेलात तर मुरवलेला लसूण मिळतो. चांद्र वर्षाच्या बाराव्या महिन्यात, अष्टमीला तो व्हिनेगरमध्ये घालतात आणि थोड्याच दिवसांत चक्क हिरवानिळा होतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, नासला. व्हिनेगर काळं हवं, शान्शी प्रांतातलं, जुनं झालेलं. त्यात सोया सॉस ओतणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. मनात मात्र बोलते.

मला आणखी एक खोड आहे. ताटात मोजण्याजोगं काही आलं की मोजल्याशिवाय घास उतरत नाही. हे धाकट्या भावाचं देणं. लहानपणी आम्ही एकमेकांच्या ताटात बघत जेवायचो. दोघांना सारखंच वाढलेलं असायचं, ते मी आधीच मोजून घेतलेलं असायचं, पण तो मुद्दाम रेंगाळत खायचा. माझं ताट रिकामं झालं की त्याच्याकडे अजून दोन शिल्लक असत, आणि ते दोन तो माझ्या डोळ्यांत बघत बघत खाई. आई म्हणायची, "त्याच्या ताटात बघू नकोस गं." कसं नाही बघायचं? बरोबरीचा हिशेब आकड्यात पटायचा, पण त्या शेवटच्या दोनांवर काही केल्या माझा विश्वास बसत नसे. आता भाऊ आपल्या मुलांना सांगत असतो, सावकाश जेवा, चावून जेवा. पोरांना वाटतं, बाबा तब्येतीसाठी सांगतात.

एकटीने जेवताना हा तंटाच उरत नाही. पण च्याओझ हा मुळात एकट्याचा पदार्थ नव्हे. माझी ईशान्य चीनमधल्या शन्यांगची मैत्रीण म्हणते, एकट्यासाठी च्याओझ करणारा माणूस एकतर फार सुखी असतो नाहीतर वेडा. उत्तरेकडे नव्या वर्षाच्या आदल्या रात्री सगळं घर टेबलाभोवती बसतं. एकीने लाटायचं, बाकीच्यांनी भरायचं. लाटणं बारीक, बोटाएवढं जाड. डाव्या हाताने पारी फिरवत राहायची आणि उजव्या हाताने लाटणं कडेकडून मध्यापर्यंत न्यायचं, मध्याच्या पुढे नाही. त्यामुळे पारी मध्ये जाड राहते, सारणाच्या भाराने फाटत नाही. कडा पातळ होतात, कारण मिटताना दोन कडा एकावर एक येणार असतात. ती मला हे दाखवत होती तेव्हा तिचे हात इतके झरझर चालले होते की मी शिकायचं सोडून बघतच बसले. मग उकळत्या पाण्यात. पाणी वर आलं की थोडं गार पाणी ओतायचं, पुन्हा उकळी, पुन्हा गार पाणी, असं तीनदा. एखाद्या च्याओझमध्ये नाणं घालतात. ज्याच्या दाताखाली आलं त्याचं वर्ष चांगलं. तिच्याकडे हे नाणं दरवर्षी घरातल्या सगळ्यात लहान पोराच्याच वाडग्यात निघायचं. आजी शपथेवर सांगायची की आपला काही हात नाही.

हिवाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीच्या दिवशीही च्याओझ खातातच, नाहीतर कान गळून पडतात. याला हान काळातल्या, म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या, चांग चोंगचिंग या वैद्याची कथा जोडलेली आहे. थंडीने कान फुटलेल्या गरिबांना त्याने पिठाच्या कानांत मांस आणि औषधं भरून, उकळून दिली म्हणे. कथेच्या खरेपणावर मी पैज लावणार नाही, पण उत्तर चीनमधला डिसेंबर ज्याने कानांवर घेतला आहे तो वाद घालत बसत नाही.

तर त्या दुपारी दुकानात आम्ही चौघंच होतो आणि चौघंही एकटे. एक डिलिव्हरीवाला, हेल्मेट मांडीवर. एक आजोबा, समोर अगदी लहान बाटली. च्याओझबरोबर दारू घ्यावी असं इथली म्हणच सांगते, त्यामुळे त्यांना कुणी हटकत नव्हतं. आणि माझ्या शेजारच्या टेबलाशी विशीतला एक मुलगा, पायांमध्ये भली मोठी सूटकेस दाबून धरलेली. स्टेशन मागच्याच रस्त्याला.

इकडे रिवाज आहे, घरातून निघणाऱ्याला च्याओझ खायला घालायचे आणि येणाऱ्याला नूडल्स. निघणाऱ्यासाठी सगळे मिळून बसतात, लाटतात, भरतात. त्यात जरा वेळ जातो आणि तेवढाच तो थांबतो, हे माझं स्पष्टीकरण. या मुलाला इथे कोण खाऊ घालणार होतं? त्याने आपलं आपणच चार लियांग मागवले. चार! पैसे फोनवरून भरले आणि वाफाळत्या वाडग्याचा एक फोटो काढून कुणाला तरी पाठवला. लगेच फोन वाजला. पलीकडून बाईचा आवाज, मोठ्याने, न थांबता. तो तोंड भरलेलं असतानाच "हं, हं" करत होता. मला एवढंच कळलं की पलीकडे सारण कसलं आहे याची कसून चौकशी चालली होती आणि उत्तर काही पसंत पडलं नव्हतं.

जेवण झाल्यावर च्याओझ उकळलेलं पाणी मागायचं, गरम, पिठाने गढूळ झालेलं. त्याचे पैसे पडत नाहीत. ज्या पाण्यात शिजलं त्याच पाण्याने पचतं, असा समज. चव काहीच नसते, तरी मी दोन वाडगे पिते. मुलानेही ते उभ्याउभ्या प्यायलं, सूटकेस ओढत निघाला, आणि उंबऱ्याशी चाक अडकलं तेव्हा डिलिव्हरीवाल्याने न बोलता पायाने उचलून दिलं.

वायव्य चीनमधल्या शिनच्यांगात, तुरफानजवळच्या आस्तानाच्या दफनभूमीत थांग काळातले च्याओझ सापडले आहेत. तिथली हवा इतकी कोरडी की हजाराहून जास्त वर्षांत ते कुजले नाहीत, नुसते वाळले. शिनच्यांगच्या संग्रहालयात ठेवलेत. मी फोटो पाहिलाय: आकार हाच, अर्धचंद्राचा, कडा दाबून मिटवलेल्या, कुणीतरी घाई न करता केलेल्या. त्या थडग्याचा आणि निघणाऱ्याला खायला घालायच्या रिवाजाचा संबंध जोडायला मला कुणी सांगितलेलं नाही. पण मेलेल्या माणसाला लांब जायचं होतं, घरच्यांना ते ठाऊक होतं, आणि कुणीतरी पीठ मळायला बसलं.

त्याने ते खाल्ले नाहीत, हे तर उघडच आहे.