राजाचा शब्द कुणाला पुरेना

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. राज्यक्रांत्यांवर बोलणं झालं की एक प्रश्न हमखास येतो: इंग्लंडची राजेशाही टिकली, डेन्मार्कची टिकली, मग फ्रान्सच्या सोळाव्या लुईला गिलोटिनवर का जावं लागलं, आणि रशियाच्या झारचं तीनशे वर्षांचं घराणं का संपलं? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा उत्तर तयारच असतं. जुलमी होते ते गेले, शहाणे होते ते राहिले.

मला हे उत्तर पटत नाही. सोळावा लुई जुलमी नव्हता. १७८७ मध्ये त्याने प्रॉटेस्टंट प्रजेला नागरी हक्क दिले, आणि गुन्हेगाराकडून कबुली काढण्यासाठी होणारा छळ त्याच्याच काळात बंद झाला. त्याच्या आजोबा-पणजोबांच्या मानाने तो मवाळच म्हणायला हवा. शिवाय इंग्लंडनेही एका राजाचा शिरच्छेद केला होताच, तोही फ्रान्सच्या १४४ वर्षं आधी. तेव्हा स्वभावात उत्तर शोधून हाती काही लागत नाही.

माझं उत्तर असं आहे. ज्याच्यावर कुठलाच कायदा चालत नाही, त्याला त्याचं स्वतःचं वचनही बांधू शकत नाही. तो मनापासून शब्द देईल, पण उद्या तो शब्द फिरवला तर दाद मागायची कुठे? ‘राजा बोले, दळ हाले’ ही निरंकुश सत्तेची ताकद खरी, पण तिच्यात हा एक मोठा दोष आहे. सुबत्तेच्या काळात तो झाकला जातो. युद्ध आलं, खजिना रिकामा झाला आणि लोकांकडे पैसे मागायची वेळ आली की तो उघडा पडतो.

इंग्लंडने ज्याचा शिरच्छेद केला, त्या पहिल्या चार्ल्सचंच बघा. १६२८ मध्ये पार्लमेंटने त्याच्याकडून मान्य करून घेतलं की संमतीशिवाय कर नाही आणि कारणाशिवाय अटक नाही. पुढच्याच वर्षी त्याने पार्लमेंट बरखास्त केलं आणि अकरा वर्षं बोलावलंच नाही. पैसा हवाच होता. किनाऱ्यावरच्या परगण्यांनी लढाईच्या वेळी आरमारासाठी द्यायचा जुना कर त्याने १६३५ पासून समुद्रापासून कोसो दूर असलेल्या परगण्यांवरही लावला, आणि तोही शांततेच्या काळात. जॉन हॅम्पडनने तो भरायला नकार दिला. खटला बारा न्यायाधीशांपुढे चालला. सात राजाच्या बाजूने, पाच विरुद्ध. राजा जिंकला, पण राजाने नेमलेले पाच न्यायाधीश त्याच्या विरुद्ध गेले, हे साऱ्या देशाने पाहिलं. १६४० मध्ये तर लंडनच्या टॉवरमधल्या टांकसाळीत व्यापाऱ्यांनी विश्वासाने ठेवलेलं सोनं-चांदीच त्याने अडकवून ठेवलं, आणि कर्ज मिळाल्यावर सोडलं. त्यानंतर व्यापाऱ्यांनी या राजावर भरवसा का ठेवावा?

पुढे राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध झालं. त्यात तो हरला, तरी पार्लमेंटला त्याला मारायचं नव्हतं. बरीच माणसं तडजोडीला तयार होती. बोलणी चालू असतानाच १६४७ च्या डिसेंबरात त्याने स्कॉटलंडच्या मंडळींशी गुप्त करार केला आणि दुसरं युद्ध ओढवून घेतलं. ३० जानेवारी १६४९ ला व्हाइटहॉलपुढच्या वधस्तंभावरही तो सांगत होता की प्रजा आणि राजा या सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत.

या वाक्यापाशी मी नेहमी थांबते. चार्ल्स खोटारडा होता असं म्हणणं सोपं आहे, पण मला ते अपुरं वाटतं. आपली सत्ता देवाने दिली आहे आणि ती देवालाच परत करायची आहे, असं तो मनोमन मानत होता. मग त्या सत्तेतला वाटा दुसऱ्याला लिहून देणं हेच त्याच्या लेखी पाप, आणि दडपणाखाली दिलेलं वचन मोडणं हे कर्तव्य. सोळाव्या लुईचं आणि रशियाचा शेवटचा झार दुसरा निकोलस याचं तेच. निकोलसला वडिलांकडून निरंकुश सत्ता मिळाली होती आणि ती तशीच मुलाच्या हाती द्यायची होती. घरात बायकामुलांवर जीव असणारी, धर्मनिष्ठ माणसं ही. निरंकुश सत्तेच्या तत्त्वाने त्यांच्या सचोटीलाच बेइमानी करायला लावली. मला या तिघांबद्दल राग येतो त्याहून जास्त वाईट याचं वाटतं.

इंग्लंडमध्ये राजेशाही १६६० मध्ये परत आली, पण दोष तसाच राहिला. दुसऱ्या चार्ल्सने १६७२ मध्ये सराफांना द्यायची सरकारी देणी एका फर्मानाने थांबवली. रक्कम दहा लाख पौंडांहून जास्त होती. खरा बदल झाला तो १६८८ च्या क्रांतीत, त्याच्यानंतरचा राजा दुसरा जेम्स पळून गेल्यावर. त्या क्रांतीला रक्तहीन म्हणतात, ते इंग्लंडपुरतं ठीक आहे. आयर्लंडमध्ये बॉइन नदीकाठी आणि इतरत्र रक्त सांडलंच. जेम्सची मुलगी मेरी आणि जावई विल्यम गादीवर आले, पण १६८९ च्या हक्कांच्या सनदेसह. पार्लमेंटवाचून कर नाही, कायदा स्थगित करता येणार नाही, शांततेत खडं सैन्य ठेवायचं तर पार्लमेंटची परवानगी हवी. पैसा आणि सैन्य या दोन्हींसाठी पार्लमेंट पुन्हा पुन्हा बोलावणं राजाला भाग पडलं. आता राजाचा शब्द पाळला जाईल की नाही, हे राजाच्या मनावर उरलं नव्हतं.

याचा पहिला फायदा कुणाला झाला असेल, तर सरकारलाच. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड निघाली आणि तिने सरकारला बारा लाख पौंड आठ टक्क्यांनी दिले. अठराव्या शतकाच्या मध्यावर तेच सरकार तीन टक्क्यांनी पैसा उभा करत होतं. मुकुटाचे हात बांधले गेल्यामुळे देशाची पत वाढली. १७०८ मध्ये राणी ॲनने एका विधेयकाला संमती नाकारली, तो शेवटचा नकार. पुढे कुणालाच ते जमलं नाही, आणि म्हणून कुणालाच राजेशाही उलथून टाकण्याची निकड वाटली नाही.

फ्रान्सचं नेमकं उलटं झालं. ब्रिटनवरचं कर्ज फ्रान्सपेक्षा कमी नव्हतं, पण फ्रान्स जास्त व्याज भरत होता, कारण तिथल्या सरकारने देणी बुडवल्याच्या आठवणी ताज्या होत्या. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पैसा ओतल्यावर १७८८ पर्यंत जवळजवळ अर्धा खर्च कर्जाच्या हप्त्यांवर जाऊ लागला. १७८७ च्या नोव्हेंबरात नव्या कर्जांना पॅरिसच्या न्यायसभेत मान्यता घ्यायची होती. ओर्लेआंचा ड्यूक, राजाचाच नातलग, उठून म्हणाला की हे बेकायदा आहे. लुई उत्तरला, ‘मला हवं आहे म्हणून ते कायदेशीर आहे.’ घाबरलेल्या माणसाचं वाक्य आहे हे, पण सारी निरंकुश राजेशाही त्यात आली. पुढच्या ऑगस्टमध्ये खजिन्याने रोख देणी थांबवली, आणि १६१४ नंतर कधीच न भरलेली इस्टेट्स जनरल, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि सामान्य लोक या तीन वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, बोलवावी लागली.

बास्तीय या पॅरिसमधल्या तुरुंगाचा पाडाव सगळ्यांना ठाऊक असतो. मला त्याआधीचा १७ जून १७८९ हा दिवस मोठा वाटतो. तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींनी त्या दिवशी स्वतःला राष्ट्रसभा म्हणवून घेतलं आणि लगेच दोन गोष्टी ठरवल्या. सगळे चालू कर संमतीशिवाय लावलेले म्हणून बेकायदा, पण सभा चालू आहे तोवर तात्पुरते वसूल होतील. आणि सरकारी कर्जाची हमी यापुढे राष्ट्राची. राजाच्या शब्दाच्या जागी राष्ट्राचा शब्द ठेवला गेला तो इथे. (राष्ट्रही नेहमी शब्दाला जागलं असं नाही. १७९७ मध्ये प्रजासत्ताकानेच दोन तृतीयांश कर्ज बुडवलं. हे लपवण्यात अर्थ नाही.)

तरीही लुईला वाचायला जागा होती. सरंजामी हक्क रद्द करणाऱ्या आणि मानवी हक्क जाहीर करणाऱ्या १७८९ च्या ऑगस्टमधल्या ठरावांना तो संमती देत नव्हता; ऑक्टोबरात पॅरिसच्या बाया भाकरीसाठी पावसात चालत व्हर्सायला धडकल्या, तेव्हा दिली. जून १७९१ मध्ये तो कुटुंबासह पळाला आणि व्हारेनला पकडला गेला. जाताना मागे ठेवलेल्या कागदात त्याने लिहिलं होतं की आपली संमती दबावाखालची होती. एवढं होऊनही सभेने त्याला गादीवर ठेवलं, सप्टेंबरात त्याने राज्यघटनेची शपथ घेतली. पण त्या शपथेवर विश्वास ठेवायचा कुणी? युद्ध सुरू झालं, पॅरिसच्या तुईलरी राजवाड्यावर हल्ला झाला, मग तिथल्या भिंतीतल्या लोखंडी कपाटात त्याचा गुप्त पत्रव्यवहार सापडला. २१ जानेवारी १७९३ ला जे घडलं ते मला आजही क्रूर वाटतं, पण अनाकलनीय वाटत नाही.

रशियात हीच चूक आणखी सविस्तर झाली. १९०५ च्या उठावानंतर निकोलसने ड्यूमा, म्हणजे निवडून आलेली प्रतिनिधीसभा, मान्य केली. ती भरण्याआधीच सरकारने मुख्यतः फ्रान्सकडून प्रचंड कर्ज उचललं. रक्कम सव्वादोन अब्ज फ्रँक. हेतू हाच की ड्यूमापुढे हात पसरायला नको. पहिली ड्यूमा अडीच महिन्यांच्या आतच आटोपली, दुसरी १९०७ च्या जूनमध्ये, आणि मग त्याने मतदानाचा कायदा स्वतःच बदलला, जो ड्यूमाशिवाय बदलायचा नाही असं त्यानेच जारी केलेल्या मूलभूत कायद्यांत होतं. १९१७ मध्ये क्रांती भडकल्यावर ड्यूमाला जबाबदार मंत्रिमंडळ द्यायला तो तयार झाला, तेव्हा राजधानी पेत्रोग्राडहून उत्तर आलं की आता उशीर झाला. दुसऱ्याच दिवशी, प्स्कोवला रेल्वेच्या डब्यात, त्याने राज्यत्याग केला.

डेन्मार्कबद्दल थोडक्यात सांगते. तिथली राजेशाही १६६५ च्या राजकायद्याने लेखी स्वरूपात निरंकुश होती, युरोपात क्वचितच कुठे इतकी असेल. मार्च १८४८ मध्ये मोर्चा राजवाड्यावर आला, सातव्या फ्रेडरिकने जुने मंत्री काढले, जून १८४९ मध्ये राज्यघटनेवर सही केली. ती सही त्याने मागे घेतली नाही.

आता तुमचा पुढचा प्रश्न: फ्रान्समध्ये राजे परत आले, मग तेव्हा तरी का टिकले नाहीत? १८१४ मध्ये अठराव्या लुईने सनद दिली, पण प्रस्तावनेत लिहिलं की ही राजाने स्वेच्छेने बहाल केली आहे. दिलेलं परत घेता येतं, असं त्याच्या भावाला, दहाव्या चार्ल्सला, वाटलं असणार. २६ जुलै १८३० ला त्याचे वटहुकूम प्रसिद्ध झाले: वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य स्थगित, नवं सभागृह बरखास्त, मतदारांची संख्या कमी. तीन दिवस पॅरिसच्या रस्त्यांत लढाई झाली, आणि २ ऑगस्टला चार्ल्सने गादी सोडली. ९ ऑगस्टला त्याच्या जागी आलेल्या लुई फिलिपने दोन्ही सभागृहांसमोर आधी सनदेची शपथ घेतली आणि मगच तो सिंहासनावर बसला. सनदेची ती जुनी प्रस्तावना तोवर काढून टाकलेली होती.