रोज तेच तेच कसं काय म्हणता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पहिल्यांदा शेजारच्या काकूंनी विचारलं, मग गिरणीवाल्यानं, आणि परवा एका गिऱ्हाईकानं: "काय ओ मामा, रात्री तुमच्या घरातनं रोज एकच प्रार्थना ऐकू येते. तेच शब्द, तीच चाल. कंटाळा येत नाही? देवाला तरी?"

काकूंना मी तेव्हा म्हटलं होतं, तुमच्याकडं हरिपाठ तरी रोज नवा असतो का? त्या हसल्या, विषय संपला. पण ते उत्तर नव्हतं, पळवाट होती.

आमचं किराणा दुकान सोलापुरात यंत्रमागांच्या वस्तीत आहे. पुढं दुकान, मागं घर. रात्री साडेनऊला शटर ओढतो, गल्ला मोजतो, आणि जेवणाआधी आम्ही चौघं बसतो. आधी ज्याच्या मनात जे असेल ते: मुलीची परीक्षा, बायकोच्या माहेरचं आजारपण, पलीकडच्या कारखान्यात हाताला लागलेला पोरगा. शेवटी येशूनं शिष्यांना शिकवलेली प्रार्थना. मागं मागांची खटखट चालूच असते.

तुमची शंका शास्त्रातही आहे बरं का. बायबलातल्या मत्तयाच्या पुस्तकात, सहाव्या अध्यायात, येशू आधी बजावतो की प्रार्थनेत उगाच बडबड करू नका, फार बोललं म्हणजे ऐकलं जातं असं नाही. आणि लगेच पुढं ही प्रार्थना देतो. पाठ करून तोंडानं वाजवायला ती दिली नसणार, एवढं मलाही कळतं. पण गेथशेमाने बागेत, पकडले जाण्याच्या रात्री, त्यानं स्वतः तीनदा प्रार्थना केली आणि मत्तय मुद्दाम लिहितो की तिसऱ्यांदाही तेच शब्द. जीव कासावीस झाला की माणसाला नवे शब्द सुचतात कुठं? 'आई गं' सुद्धा आपण रोज नवं करून म्हणत नाही.

आता माझं म्हणाल तर ती प्रार्थना रोज तीच असते, अडतो मी रोज वेगळ्या जागी.

लहानपणी 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' याच्यापाशी अडायचो. आई परातीत भाकरी थापायची, तो थप थप आवाज आणि ती ओळ माझ्या डोक्यात एकच झाली. येशूच्या गावची भाकर गव्हाची किंवा जवाची असेल, पण माझ्यासाठी ती शाळूचीच, वर शेंगाचटणी. मोठा झालो तेव्हा लक्षात आलं की तिथं 'मला' नाही, 'आम्हांला' आहे. आणि मागणी फक्त आजची. पोत्याच्या हिशेबानं माल भरणाऱ्या माणसाला हे पचायला जड जातं.

बायबलातच लूकच्या पुस्तकात, अकराव्या अध्यायात, हीच प्रार्थना आहे आणि तिच्या मागोमाग एक गोष्ट. एक जण मध्यरात्री मित्राचं दार ठोठावतो: तीन भाकरी उसन्या दे, घरी पाहुणा आलाय. आतला म्हणतो, दार लावलंय, पोरं निजलीत, त्रास देऊ नको. ही गोष्ट ऐकली की आमच्या घरात सगळे माझ्याकडं बघतात. शटर पडल्यावर "मामा, पावशेर साखर" अशी हाक आली की मीही तेच म्हणतो. शब्द सुद्धा तेच.

पण खरा अडलो तो पुढच्या ओळीपाशी. मत्तयात सरळ 'ऋण' असा शब्द आहे: आम्ही आमच्या ऋण्यांना जसं ऋण सोडलंय, तसं तू आमचं सोड. इतरांना तो पापाबद्दलचा अलंकार वाटत असेल. माझ्याकडं उधारीची लाल वही आहे हो! माग चालवणाऱ्या एका माणसाच्या नावावर चार हजार सहाशे रुपये होते. मागाचं काम कमी झालं तसं त्यानं दुकानापुढून जाणं सोडलं, मागच्या बोळातनं जायला लागला. मी चारचौघांत त्याला नको ते बोललो. त्यानंतर सात-आठ महिने मी ती ओळ आली की गप्प बसायचो. बाकीचे म्हणायचे, मी 'आमेन'ला येऊन मिळायचो. शेवटी धाकटीनंच पकडलं: "बाबा, तुम्ही मधलं गाळता."

रोज नवी प्रार्थना रचली असती, तर तो माणूस तिच्यात कधीच आला नसता. मी येऊच दिला नसता. नेमलेले शब्द होते म्हणून गाळलेलं दिसलं.

काय केलं म्हणाल, तर मी वहीचं पान फाडलं नाही, आकड्यावर आडवी रेघ मारली. आकडा अजून वाचता येतो. त्याला बोळात गाठून सांगितलं की हिशेब मिटला, समोरनं जात जा. तो काही बोलला नाही. मी चारचौघांत बोललो होतो आणि माफी एकट्यात मागितली, हेही त्याला कळलं असणार.

गेल्या आठवड्यात त्याचा मुलगा आला, दोन किलो ज्वारी मागितली. मी तागडीत ज्वारी ओतली आणि तोंडातनं पहिलं निघालं ते, "रोख आहे का?"

पोरानं मूठ उघडून नोटा दाखवल्या. त्या रात्री पुन्हा त्याच ओळीला घसा दाटला. म्हटली मात्र.