गोळा

वाडीत पोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. गोठ्यामागच्या कोरड्या टाकीत खवले मांजर पडलेलं आणि काठावर वीस-पंचवीस मोबाइल. मुंबईहून आलेला एक पोरगा ठासून सांगत होता, "आर्माडिलो आहे!" अरे बाबा, आर्माडिलो अमेरिकेतला, त्याच्या कवचात हाड असतं. याचे खवले म्हणजे आपली नखंच, तेच केराटिन. नात्यानंही हे मांजर-कुत्र्याला जवळचं, तेव्हा आपलं गावठी नाव फारसं चुकलेलं नाही. दुसऱ्यानं हळूच भाव विचारला. त्याला वन्यजीव कायद्याची अनुसूची एक आणि सात वर्षांपर्यंतची कैद ऐकवली.

गुंडाळलेलं खवले मांजर उलगडायला जायचं नसतं. जोर कराल तेवढं ते आवळतं, वर खवल्यांच्या कडा बोटं कापतात. खाली गोणपाट सरकवायचं, गोळाच्या गोळा उचलायचा, तसाच ताणकाट्याला लावायचा. साडेनऊ किलो भरलं. गोणीत ठेवलं तर नखांनी फाडतं, म्हणून लाकडी पेटी. मुंग्या आणि वाळवीवर जगणारा बिनदाताचा जीव पिंजऱ्यात टिकत नाही. जखम नसेल तर त्याच रात्री सोडलेलं बरं.

मी म्हटलं, इथंच वरच्या रानात सोडू. साहेब फोनवर म्हणाले, "एवढ्या लोकांनी पाहिलंय, उद्या खवले विकायला निघतील. लांब न्या. आणि फोटो पाठवा." फोटोची घाई त्यांना नेहमीचीच, पण बाकीचं खोटं नव्हतं. दहा किलोमीटर नेलं.

पेटी उघडून दिवे मालवून बसलो. वीसेक मिनिटांनी गोळा सैल झाला, जनावर मागच्या पायांवर उभं राहून वास घेऊ लागलं. टॉर्चवर लाल कागद होता. त्या उजेडात काखेजवळचे दोन सड दिसले, टपोरे, दूध भरलेले. मी उठेस्तोवर ती करवंदीच्या जाळीत शिरली होती.

यांना बहुधा एकच पिल्लू होतं आणि सुरुवातीला ते बिळातच असतं. गोळ्यावरून हे कळायला मार्ग नाही. पण विचारायचं तरी मला सुचायला हवं होतं.

दोन दिवस वाडीवरचं रान पालथं घातलं. एका फोडलेल्या वारुळाजवळ बीळ सापडलं, तोंडाशी नखांचे ताजे ओरखडे. खणायचा धीर झाला नाही, कॅमेरा लावला. रजिस्टरात 'सुरक्षित मुक्तता' लिहून सहीही केली.

काल कार्ड काढलं. साळिंदर, साळिंदर, गावातलं एक कुत्रं.