दोन मिलिलिटर

"एवढंसंच?" सिरिंजमधलं दोन मिलिलिटर दूध बघून आज एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) एका आईने विचारलं. पहाटे उठून तिनेच काढलेलं दूध.

बाळ गर्भधारणेपासून मोजून 30 आठवड्यांचं, म्हणजे वेळेआधी जन्मलेलं. चोखणं, गिळणं, श्वास घेणं यांचा मेळ साधारण 34 आठवड्यांच्या आसपास बसतो. तोवर थेट पोटात दूध सोडणारी नळीच. सिस्टरने दट्ट्या काढून सिरिंज उंच धरली, दूध आपल्या वजनाने उतरू दिलं. नजर पूर्ण वेळ बाळाच्या छातीवर आणि ओठांच्या रंगावर.

आईच्या दुधाने अशा बाळांना आतड्याच्या गंभीर आजाराचा धोका कमी होतो, हे संशोधनातून सिद्ध झालंय. पण बाळ नेमकं कधी थकतं हे रोज बघणाऱ्या सिस्टरला संशोधनासाठी ड्यूटीतला वेळ कधी मिळणार?